पाहता ते समजते काय?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ८ : २६-४०
पूरक वाचन : लूक २४ : १-३५
पाठाचा उद्देश : संडे स्कूलमध्ये चित्रपट दाखविताना शिक्षकाची जबाबदारी काय, हे समजून घेणे.

गज्जाकडे जाणाऱ्या वाटेवर कांदके राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचे पुस्तक वाचीत होता. पुस्तक हाती होते, वाचता येत होते, मनात ओढही होती. तरी अर्थ उलगडेना. फिलिप्प धावत रथाजवळ गेला आणि त्याने पहिला प्रश्न केला तो समजण्याविषयीच. वाट दाखविणारा कोणी नसेल तर समजणार तरी कसे, असे त्या थोर अधिकाऱ्याने प्रांजळपणे कबूल केले.

आज आपल्या मुलांच्या हाती पुस्तकाआधी चित्र येते. म्हणून फिलिप्पाचा प्रश्न आपण एक शब्द बदलून विचारू या : पाहता ते समजते काय?

१. चित्र मनात काय जागे करते?

१९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकात त्यांनी स्वतःच लिहिले की, डोळ्यांपुढून ख्रिस्तचरित्र सरकत असता मनात मात्र राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. त्या ध्यासातून 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला. भारतीय कथाचित्रपटाचा आरंभ त्यापासून मानतात.

हे दोष देण्यासाठी सांगत नाही. एका कलावंताला त्या पडद्याने आयुष्याचे काम दिले. पण शिक्षकाने यातून एक धडा घ्यावा. चित्रात मोठे बळ आहे, आणि पाहणारा आपल्या मनात जे आहे त्याने ते चित्र पुरे करतो. खजिनदारापाशी यशयाचा उतारा होता. तो उतारा कोणाविषयी आहे हे सांगायला फिलिप्प लागला. पडद्याजवळही फिलिप्प हवा.

२. पडद्यावरचा चेहरा

आपल्या मंडळ्यांतून दोन चित्रपट पुष्कळांनी पाहिले आहेत. १९७८ साली तेलुगूत 'करुणामयुडू' निघाला. ए. भीमसिंग यांनी दिग्दर्शन केलेल्या या चित्रपटात विजयचंदर यांनी येशूची भूमिका केली. 'दयासागर' या नावाने तो हिंदीत आला आणि प्रोजेक्टर घेऊन फिरणाऱ्या सेवकांनी तो खेडोपाडी दाखविला. दुसऱ्याच वर्षी, १९७९ साली, लूककृत शुभवर्तमानावर आधारलेला 'जीझस' हा चित्रपट आला. त्याचे चित्रीकरण इस्राएलात झाले आणि ब्रायन डीकन या इंग्रज नटाने येशूचे काम केले. आजवर दोन हजारांहून अधिक भाषांत त्याचे ध्वनिमुद्रण झाले आहे.

एक चेहरा भारतीय, दुसरा इंग्रज. शुभवर्तमानांत प्रभूच्या चेहऱ्याचे वर्णन कोठेही नाही. मुलाने एकच चित्रपट पाहिला तर तोच चेहरा त्याच्या प्रार्थनेत येऊन बसतो. म्हणून दोन्हींतील थोडा थोडा भाग दाखवावा आणि विचारावे, यांतला खरा कोणता? मुले आपणच सांगतील की दोघेही नट आहेत. मग शास्त्र उघडावे.

३. अर्धवट राहिलेली गोष्ट

माझीच एक चूक सांगतो. मी नवा शिक्षक असता झावळ्यांच्या रविवारी वर्गाला चित्रपट दाखविला. तास संपला तेव्हा प्रभूला कबरेत ठेवले होते. उरलेला भाग पुढे दाखवू, असे म्हणून मी मुलांना घरी धाडले. त्यांतली पाच वर्षांची एक मुलगी सणासाठी आजोळी गेली. तीन आठवड्यांनी तिची आजी भेटली. म्हणाली, "मास्तर, पोरगी रात्री दचकून उठते. येशूला मारला आणि दगड लावून कोंडला, एवढंच सांगते."

मला फार लाज वाटली. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि लूकचा चोविसावा अध्याय तिला सावकाश वाचून दाखविला. ती लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच तिने विचारले, "मग दगड कोणी सरकवला?" आम्ही मत्तयाचा अठ्ठाविसावा अध्याय काढला. तिच्या त्या प्रश्नाने मला शिकविले की, ज्या दृश्याने मूल घाबरते त्याच दृश्यातून ते वचनापर्यंत येऊ शकते. मात्र कोणीतरी जवळ बसावे लागते.

शिक्षकांसाठी सूचना

(१) चित्रपट आधी स्वतः पूर्ण पाहावा व शास्त्रभाग सोबत वाचावा.

(२) एका तासात दहा-पंधरा मिनिटांचाच भाग घ्यावा. पण वधस्तंभाचा भाग दाखविला, तर पुनरुत्थान त्याच दिवशी सांगितल्यावाचून मुलांना सोडू नये.

(३) चटके आणि रक्त यांची दृश्ये लहान मुलांना दाखवू नयेत.

(४) आमच्या हुबळी-धारवाडात मुले घरी मराठी बोलतात, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी शिकतात, आणि चित्रपट बहुधा हिंदीत पाहतात. म्हणून पाहिलेली गोष्ट प्रत्येकाने मराठीत पुन्हा सांगावी. कोठे अडले ते लगेच कळते.

(५) शास्त्रात नसलेले पडद्यावर काय होते, ते मुलांना शोधू द्यावे. उदाहरणार्थ, मागी लोक तीन होते असे मत्तय कोठे म्हणतो?

चर्चेसाठी प्रश्न

१. फिलिप्पाने खजिनदाराला त्याच्याच हातातील उताऱ्यापासून आरंभ करून शिकविले. मुलांनी पाहिलेल्या दृश्यापासून आपण असा आरंभ करतो काय?

२. आपल्या मनातील येशूचे रूप कोणत्या चित्रावरून आले आहे?

३. आपण वर्गात चित्रपट शिकविण्यासाठी लावतो, की तास भरून काढण्यासाठी?

खजिनदार आपल्या वाटेने हर्ष करीत गेला. पुढे फिलिप्प त्याच्या दृष्टीस पडला नाही, तरी समजलेले त्याच्यापाशी राहिले. पडदा काळा झाल्यावर आपल्या मुलांपाशी काय राहते, हे या महिन्यात प्रत्येक शिक्षकाने एका तरी मुलाला विचारून पाहावे.