‘वंचित’ म्हणजे नुसता गरीब का?

प्रश्न : निबंधाला ‘वंचितता’ हा विषय होता. मी गरिबीवर लिहिले. बाई म्हणाल्या, “हा अभाव झाला, वंचितता नव्हे.” दोन्हींत फरक काय?
– एक विद्यार्थिनी, कळंब (ता. वसई)

उत्तर : बाईंनी नेमके बोट ठेवले आहे. ‘वंचित’ हा शब्द संस्कृतातल्या ‘वञ्च्’ या धातूपासून आला आणि त्या धातूचा अर्थ फसवणे. ‘आत्मवंचना’ या शब्दात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. म्हणजे वंचित हा मुळात फसवला गेलेला माणूस. अभावात वस्तू नसते, एवढेच. वंचिततेत ती वस्तू मिळायला हवी होती, पण कोणीतरी मिळू दिली नाही.

आपल्या बोलण्यातले इतर शब्द ताडून बघ. ‘तो शाळेला मुकला’, ‘पोर मायेला पारखी झाली’ असे आपण म्हणतो तेव्हा हानी कळते, पण ती कोणी केली ते कळत नाही. ‘सावकाराने नागवले’ म्हटले की करणारा समोर येतो. ‘वंचित’ शब्दात करणारा दिसत नाही, पण तो असतो, आणि निबंधात तोच शोधायला हवा होता.

तुझ्याच तालुक्यातले उदाहरण घेऊ. वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे राबतात. खैराच्या लाकडापासून कात काढणारे, म्हणून कातकरी. इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगल सरकारच्या ताब्यात गेले आणि कात काढण्याचा धंदा हातचा निसटला. मग कोळसा पाडणे आले, मग वीटभट्टी. पावसाळ्यात भट्टी बंद असते आणि घरात पैसा नसतो, तेव्हा मालकाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर राबून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. पोरे आईबापांबरोबर भट्टीवरच्या भोंग्यात, म्हणजे तिथल्या झोपडीत, राहतात आणि शाळा मागे गावात राहते. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली रद्द केली, तरी १९८०च्या दशकात वेठबिगारांना सोडवायला याच वसईत विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना श्रमजीवी संघटना उभारावी लागली. पुढे पोरांसाठी भट्टीवरच भोंगाशाळा भरू लागल्या. आता सांग, कातकऱ्यांच्या घरात पैसा नाही एवढेच म्हणून भागेल का? जंगल, मजुरी ठरवण्याची मोकळीक आणि शाळा, एकेक करून काढून घेतले गेले. मला तरी ‘गरीब’ हा शब्द इथे अपुरा वाटतो, आणि थोडा खोटाही.

सरकारलाही हा फरक मानावा लागला. २०११च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय जनगणनेत ग्रामीण घरांसाठी वंचिततेचे सात निकष होते. त्यांत उत्पन्नाचा आकडा नव्हता. एकाच खोलीचे कच्चे घर आहे का, पंचविशीपुढचे कोणी साक्षर आहे का, भूमिहीन कुटुंब अंगमेहनतीच्या मजुरीवर जगते का, अशी ती विचारणा होती. मुक्त झालेले वेठबिगार आणि कातकऱ्यांसारख्या आदिम जमाती यांना निकष न लावताच यादीत घेण्याची तरतूद होती.

आणखी एक तऱ्हा आहे. पीटर टाउनसेंड या ब्रिटिश अभ्यासकाने १९७९ साली ब्रिटनमधल्या गरिबीवर मोठा ग्रंथ लिहिला. भोवतालचा समाज ज्या रीतीने जगतो तसे जगण्याइतकी साधने नसणे, हीसुद्धा वंचितताच, असे त्याने मांडले. पोट भरलेले असते, पण वर्गातल्या सहलीला जाता येत नाही, ते दुःख या प्रकारातले. झोप किंवा स्पर्श न मिळण्यालाही शास्त्रात हाच शब्द लावतात. तिथे मात्र फसवणुकीचा अर्थ उरत नाही.

आता कळंबच्या किनाऱ्यावर ये. लाटांनी सुरूची झाडे उन्मळली तर ती हानी. पण कोणी चोरून रेती उपसली आणि त्यामुळे किनारा खचला, तर ती वंचना.

बावखलांचे तर मला फारच लागते. पावसाचे पाणी धरून ठेवणारी ही वसईची तळी. त्यांच्यामुळे भोवतालच्या विहिरी गोड राहत, खारे पाणी आत शिरत नसे. पुढे बावखले बुजवून त्यांवर बांधकामे झाली, आणि हरित पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी टँकर भरभरून शहरात गेले. त्या उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून लढले. ज्या मुलांनी बावखल कधी पाहिलेच नाही, त्यांना ते गेल्याचे दुःखही होत नाही. आपले काय हिरावले हेच माहीत नसणे, ही मला वंचिततेची सर्वांत खोल तऱ्हा वाटते.

तुझ्या आजीला विचारशील का, कळंबच्या आसपास कुठे कुठे बावखले होती आणि ती कधी बुजली? जुनी नावे आठवत असतील तर तीही लिहून पाठव. पुढच्या अंकात छापू.