डब्यावरची अक्षरं

मुलगा अडीच वर्षांचा असताना त्याच्या वरच्या दातांवर, हिरडीला लागून, पांढरी रेघ दिसली. दूध लागलं असेल म्हणून पदराने पुसली. निघाली नाही. सासूबाई म्हणाल्या, "दुधाचेच दात हायेत, पडतीलच." वर्षभरात त्या दातांचे तपकिरी खुंट झाले. पुढे गडचिरोलीतल्या आमच्या अहेरीत भर पावसाळ्यात एका रात्री दाढेच्या ठणक्याने पोरगं उजाडेपर्यंत रडलं. तंबाखूच्या खर्ऱ्याने काळे झालेले दात बघतच आम्ही मोठे झालेलो. लेकराचे काळे दात आम्हाला खटकलेच नाहीत.

चूक माझीच. त्याचं वजन भरत नव्हतं. म्हणून जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम असं ठळक छापलेली पावडर दुधात घालायची, वर चमचाभर साखर, आणि निजताना बाटली तोंडात. दिवसा हातात 'पौष्टिक' बिस्किटांचा पुडा. डबा उलटून घटकांमध्ये साखर किती वर लिहिली आहे, ते कधी वाचलं नाही.

दातांच्या डॉक्टरांनी समजावलं. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते दाताचं खनिज विरघळवतं. लाळ ती झीज भरून काढते, पण तिला मधे वेळ मिळायला हवा, आणि झोपेत लाळ कमी होते. ती पांढरी रेघ म्हणजे किडीची सुरुवात. तेव्हाच गेलो असतो तर फ्लोराईडच्या लेपाने कीड बहुधा थांबवता आली असती. आणि दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात!

मिठात आयोडीन घालतात, तसं दातांसाठी काही नाही का? आहे. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला १९५५ पासून फ्लोराईडचं मीठ मिळतं. पण आपण ते मागू नये असं मला वाटतं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आधीच जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की जबड्यात घडत असलेल्या पक्क्या दातांवर डाग पडू शकतात, आणि त्याहून फार वाढलं तर हाडांवर येतं. तिथे मिठातून आणखी कशाला? बोअरचं पाणी मात्र तपासून घ्या.

मिठासारखेच पोषक घटक घातलेले, रेशनच्या तांदळातले वेगळे दिसणारे दाणे 'प्लास्टिकचे' म्हणून निवडून फेकणाऱ्या बाया मी पाहिल्यात. असे दाणे दिसले तर फेकू नका, त्यांत लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ आहे. रक्तासाठी ते चांगलं. दात मात्र त्याने राखले जात नाहीत.

धाकटी वर्षाची झाल्यावर तिला बाटली दिलीच नाही, दूध पेल्यातून. पहिला दात दिसला तेव्हापासून फ्लोराईडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, ती तीन वर्षांची झाल्यावर वाटाण्याएवढी. ब्रश मीच फिरवते, आणि रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तेव्हा दात दाखवते. मोहाचा लाडू बंद नाही, पण तो जेवणासोबत. दिवसभर चघळायला नाही.

सासूबाई आता नातीच्या हातातली गोळी काढून घेतात आणि जेवणाची वेळ होईपर्यंत कनवटीला खोचून ठेवतात.