शेरा लिहिण्यापूर्वी

चि. राणी,


गोवंडीत समुपदेशनाचं काम सुरू करते आहेस, हे ऐकून घरात सगळ्यांना आनंद झाला. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने (‘टिस’) २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही फोनवरची समुपदेशन सेवा याच भागातून सुरू केली. आणि २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातला सर्वांत मागे पडलेला विभागही हाच, महापालिकेचा एम-पूर्व.

बैगनवाडीतली एखादी आई मुलाच्या सत्राला दोनदा येत नाही. कागदावर शेरा पडतो: ‘पालक बेफिकीर’. पाणी कधी येईल याचा तिच्या गल्लीत भरवसा नसतो. आलं की नळी लावून निळा ड्रम भरेपर्यंत दारातून हलता येत नाही. नाहीच आलं, तर कॅन विकत घ्यायचे आणि ते पैसे भाजीतून काढायचे. सत्राची अकराची वेळ ती विसरलेली नसते.

दुसऱ्याचं वागणं बघताना आपण परिस्थिती बाजूला ठेवतो आणि त्याच्या स्वभावावर बोट ठेवतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या चुकीला नाव दिलं. ही चूक शिकलेली माणसंही सर्रास करतात.

परिस्थितीचा भार विचारशक्तीवरही पडतो का, हे पाहणारा तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोडणीआधी हात रिकामा असताना आणि नंतर पैसे आल्यावर त्याच शेतकऱ्यांना कोडी घातली. आधीचे गुण स्पष्टपणे कमी होते. माणसं तीच, डोक्यावरचा भार वेगळा. अमेरिकेत पगाराच्या आधी-नंतर केलेल्या २०१६ च्या अभ्यासात मात्र असा फरक आढळला नाही. तेव्हा एकाच प्रयोगावर सिद्धान्त उभारणं बरं नव्हे.

आणि सगळंच गरिबीच्या माथी मारणं ही तितकीच मोठी चूक. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, असं कुणी सांगितलं तर ‘परिस्थितीच तशी आहे’ म्हणून सोडून देणं हा अन्याय आहे. नैराश्य हा आजार आहे; झोपडीतल्या बाईलाही मानसोपचारतज्ज्ञ हवाच. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ वर रात्रंदिवस चालते. हा नंबर प्रत्येक घरात लिहून दे.

आणि पुढच्या सत्राची वेळ ठरवण्याआधी त्या आईला विचार, पाणी साधारण किती वाजता येतं.

तुझा,
मामा