शेवटचे दहा सेकंद

१७ ऑक्टोबर २०१५. अ‍ॅन आर्बरचं मिशिगन स्टेडियम लाखाहून जास्त माणसांनी भरलेलं, घड्याळात दहा सेकंद उरलेले आणि आमचं मिशिगन २३-२१ ने पुढे. समोर मिशिगन स्टेट. पुण्याहून शिकायला याच विद्यापीठात आले आणि याच गावची झाले, म्हणून हा संघ माझा. तो सामना आम्ही २७-२३ असा हरलो. तेव्हा जे उमगलं, ते लिहिते.

१. ‘झालंच आता’ म्हणू नये. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. आमची चौथी होती. चेंडू लांब लाथाडायचा (यालाच पंट म्हणतात) आणि वेळ संपवायचा, एवढंच काम. पण मागे फेकलेला चेंडू खाली आला आणि पंटर ब्लेक ओनीलच्या हातून निसटला. तो उचलून कसाबसा लाथ मारायला जातो तोच स्टेटच्या पोरांनी त्याला गाठलं. चेंडू उडाला तो थेट जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात. तो ३८ यार्ड धावत सुटला. गोलरेषा ओलांडली तेव्हा घड्याळात शून्य. अख्ख्या सामन्यात स्टेट पहिल्यांदा पुढे गेलं ते तिथे. माझ्या पुढच्या रांगेतली एक मुलगी विजयाचा व्हिडिओ काढायला फोन उंच धरून उभी होती. स्टेटची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या घेऊ लागली, तरी तिचा हात खाली आला नाही.

२. एका पोराच्या माथी खापर फोडू नये. याच ओनीलने त्याच दुपारी ८० यार्डांचा पंट मारला होता. शेवटच्या खेळात चेंडू झेलायला स्टेटने मागे कुणी ठेवलंच नव्हतं, सगळे अंगावर धावून येणार हे उघड होतं. तरी आमचे दोन खेळाडू दूर कडेला उभे होते. त्याला आडोसा द्यायला ते जवळ हवे होते, आणि ते ठरवणं प्रशिक्षकांचं काम. शिव्या मात्र त्या एकट्याला, जिवे मारण्याच्या धमक्यासुद्धा. विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख जिम हॅकेट यांना त्याच्या बाजूने खुलं पत्र लिहावं लागलं. तो ऑस्ट्रेलियाहून आलेला. परक्या मुलखात एकट्या पडलेल्या पोराला आपल्याच स्टँडमधली माणसं असं बोलली असतील, हे पराभवापेक्षा जास्त जिव्हारी लागलं.

३. ज्याच्या नावाने आम्ही कडाकडा बोटं मोडत होतो, त्या वॉट्स-जॅक्सनचं खुब्याचं हाड त्याच धावेच्या शेवटी मोडलं. त्याचा मोसम तिथेच संपला.

४. समोरच्याला धाकटं समजू नये. २००७ साली जिंकल्यावर आमच्या संघातल्या माइक हार्टने स्टेटला ‘धाकटा भाऊ’ म्हणून हिणवलं. २००८ ते २०१५ या आठ सामन्यांपैकी सात त्यांनी जिंकले.

५. ही चुरस घरातच नांदते. स्टेटचं ईस्ट लान्सिंग गाडीने तासाभरावर. माझी धाकटी नणंद तिथेच शिकत होती. त्या दिवाळीला चकल्या करताना तिने सामन्याचा विषयच काढला नाही. शेवटी मीच विचारलं, “तुमच्याकडे काय चाललं होतं गं तेव्हा?” मग गॅस बंद करून आम्ही दोघी तासभर बोलत बसलो. म्हणाली, “वहिनी, आमच्या फ्लॅटवरच्या निम्म्या मुली तर त्या पंटच्या आधीच टीव्हीसमोरून उठून गेल्या होत्या.”