बिब्बा का उततो?

आपल्या नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडच्या जंगलात बिब्ब्याची झाडं आहेत. बिब्बा काळा असतो. त्याच्या टरफलात काळे, चिकट तेल असते. आतली पांढरी गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात खातो.

पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देतात. आमच्या आजीला त्याने काही होत नाही. मावशीला मात्र नुसता हात लागला तरी दुसऱ्या दिवशी खाज सुटती, सूज येते, पाण्याचे फोड येतात. ह्यालाच बिब्बा उतला म्हणतात.

तेल एकच, मग असे का? आधी तेल लागते तेव्हा काहींचे शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखून ठेवते. पुन्हा लागले की एक-दोन दिवसांत कातडीवर पुरळ उठते. ही ॲलर्जी. ती सर्वांना होत नाही. पण बिब्बा फार लागला तर कोणाचीही कातडी भाजते.

पूर्वी धोबी बिब्ब्याच्या तेलाने कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना पुरळ उठले. डॉक्टरांनी नीट पाहिले, तर जिथे धोब्याची खूण टेकत होती तिथेच पुरळ! १९४३ साली त्यांनी हे छापून सांगितले.

कोणाला कशाची ॲलर्जी आहे हे डॉक्टर पॅच टेस्टने शोधतात. १८९५ साली याडासोन नावाच्या डॉक्टरांनी ही रीत दाखवली.

१. लवंग, गवती चहा अशा वनस्पतींचे सुगंधी तेल व्हॅसलीनमध्ये अगदी थोडे मिसळतात.
२. ते पाठीवर पट्टीखाली लावतात. शेजारी नुसते व्हॅसलीन लावतात.
३. दोन दिवस पट्टी भिजू देत नाहीत.
४. पट्टी काढून पाहतात. एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, कारण पुरळ उशिरा पण येते.

तेलाच्या जागी लाल होऊन खाज आली आणि नुसत्या व्हॅसलीनच्या जागी काही झाले नाही, तर ते तेल त्या माणसाला चालत नाही असे समजते.

झाडपाल्याचे औषध म्हणजे अपाय नाही, असे आपण म्हणतो. ते खरे नाही. मित्रांनो, बिब्बा अंगाला लावून परीक्षा बघू नका. तेल लागले तर लगेच साबणाने धुवा. डोळ्याला हात लावू नका. फोड आले तर दवाखान्यात जा. आईबाबांनी पण लहान बाळाला बिब्बा लावू नये.

– इयत्ता चौथी