दुधाची स्टीलची भांडी : ओळख आणि स्वच्छता

सकाळची धार काढून संकलन केंद्रावर नेलेले दूध आंबट म्हणून परत आले, की दोष उन्हाला, वैरणीला नाहीतर म्हशीला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण असते बादलीच्या सांध्यात किंवा किटलीच्या गळ्याशी साचलेला कालच्या दुधाचा थर. म्हणून दुधाची भांडी पारखून घ्यावीत आणि रोज पद्धतशीर धुवावीत.

स्टील कसे ओळखावे?

लोखंडात किमान १०.५ टक्के क्रोमियम मिसळले, की स्टेनलेस स्टील होते. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून क्रोमियम भांड्यावर अतिशय पातळ थर धरते. हा थर गंज रोखतो. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात :

१) ३०४ : यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. दुधासाठी हे उत्तम.

२) २०१, २०२ : निकेल कमी, मँगनीज जास्त. दिसायला तसेच आणि स्वस्त. पण मीठ, आंबट पदार्थ व ओल यांमुळे लवकर डागाळते.

३) ४३० : निकेल जवळजवळ नसते. याला चुंबक चिकटते.

"चुंबक चिकटत नाही ते अस्सल स्टील" हा समज अपुरा आहे. २०१ व २०२ लाही चुंबक चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४ च्या भांड्याला पत्रा वाकवलेल्या जागी चुंबक किंचित ओढले जाते. म्हणून भांड्यावरील ठसा पाहावा आणि पावतीवर प्रकार लिहून घ्यावा. स्वयंपाकाच्या भांड्यांवर आय.एस.आय. चिन्ह व मानक क्रमांक आय.एस. १४७५६ पाहावा. आतून बोट फिरवून सांधे गुळगुळीत असल्याची खात्री करावी.

धुण्याची पद्धत

१) दूध ओतताच भांडे साध्या किंवा कोमट पाण्याने विसळावे. आधी कडकडीत पाणी घातल्यास दुधातील प्रथिने पत्र्याला चिकटून बसतात.

२) नंतर गरम पाणी व धुण्याचा सोडा किंवा भांड्यांची पावडर घेऊन मऊ ब्रशने कडा, गळा व झाकण घासावे.

३) स्वच्छ पाण्याने धुवून शेवटी उकळते पाणी फिरवावे.

४) भांडे मांडणीवर उपडे ठेवून कोरडे होऊ द्यावे. ओले असताना झाकण लावू नये.

क्षारयुक्त पाणी व दूध यांचा पांढरट थर बसल्यास व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचे पाणी दहा-पंधरा मिनिटे ठेवून घासावे व धुवावे. पातेल्याच्या तळाशी दूध करपल्यास पाण्यात खाण्याचा सोडा घालून उकळावे, खरवडू नये.

हे टाळावे

तारेची घासणी व जाड राख वापरू नये. चरे पडतात, त्यांत दूध अडकते. तारेचे कण राहून गंजतात. भांड्यात मिठाचे पाणी साठवू नये. ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरलेच, तर थोडा वेळ ठेवून लगेच धुवावे, नाहीतर पत्र्याला बारीक छिद्रे पडतात. ब्लीचिंग पावडर व व्हिनेगर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज संध्याकाळी धारेची बादली उजेडात धरून सांध्यावर बोट फिरवून पाहा. बोटाला बुळबुळीत लागले, तर उद्याच्या दुधाची काळजी आजच घ्यायला हवी.