संगणकाची तोंडओळख : तोरणमाळच्या विद्यार्थ्यांसाठी पहिला पाठ



संगणकाचे युग आले, असे आपण कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. हे युग सातपायरी घाट चढून तोरणमाळपर्यंत केव्हाच पोहोचले आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, सातबारा, रेशन, बँकेचे खाते, परीक्षेचा निकाल ही सर्व कामे आज संगणकावरच होतात. काम अडले की खिडकीपलीकडून एकच उत्तर येते, "कॉम्प्युटर घेत नाही." धडगाव किंवा शहाद्याला उतरायचे म्हणजे सबंध दिवस मोडतो आणि दिवसाची मजुरी बुडते. तरीही हे उत्तर ऐकून आपला माणूस निमूटपणे परत फिरतो. कॉम्प्युटर का घेत नाही, हे विचारण्यापुरते ज्ञान आपल्याजवळ असावे, एवढ्याच हेतूने हा पाठ लिहीत आहोत.

१. संगणक म्हणजे काय?

पिठाची गिरणी सर्वांनी पाहिली आहे. वरून ज्वारी किंवा मका टाकतात, आत दळण होते, खाली पीठ पडते. संगणकाचेही तसेच आहे. आपण जी माहिती आत घालतो तिला आदान किंवा इनपुट म्हणतात. आत तिच्यावर जे काम होते ती प्रक्रिया. बाहेर जे उत्तर येते ते प्रदान किंवा आउटपुट. गिरणीत खडे टाकले तर पिठात खडेच येणार. त्याचप्रमाणे चुकीची माहिती घातली तर उत्तरही चुकीचेच येते.

गिरणी आणि संगणक यांत एक फरक मात्र आहे. गिरणी एकच काम करते. संगणकाला सूचना बदलून दिल्या की तोच हिशेब करतो, पत्र लिहितो आणि चित्रही दाखवतो. क्रमवार लिहिलेल्या या सूचनांना प्रोग्रॅम म्हणतात. संगणकाला स्वतःची बुद्धी नाही. माणसाने दिलेल्या सूचना तो अतिशय वेगाने व न कंटाळता पाळतो.

आपल्या देशात बनलेला टिफ्रॅक हा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झाला. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्या काळी संगणक पाहायलाही मोठ्या शहरात जावे लागे. आज आपल्या खिशातला स्मार्टफोन हाही एक पूर्ण संगणकच आहे, हे ध्यानात ठेवावे.

२. संगणकाचे भाग

डोळ्यांना दिसणाऱ्या व हाताला लागणाऱ्या भागांना हार्डवेअर म्हणतात. कीबोर्ड आणि माउस यांनी आपण माहिती आत घालतो. मॉनिटरवर व प्रिंटरमधून ती बाहेर येते. टेबलावरच्या किंवा टेबलाखालच्या सबंध पेटीलाच लोक सीपीयू म्हणतात, परंतु खरा सीपीयू म्हणजे त्या पेटीतील एक लहानशी चिप होय. सर्व आकडेमोड तीच करते.

स्मृती म्हणजे मेमरी. ती दोन प्रकारची असते. रॅम ही पाटीसारखी आहे. काम चालू असेपर्यंत तिच्यावर लिहायचे, वीज गेली की सर्व पुसले जाते. हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह ही वहीसारखी आहे, वीज गेली तरी लिहिलेले राहते. पाटीवरचे वहीत उतरवण्याच्या क्रियेला सेव्ह करणे म्हणतात. आपल्या डोंगरात विजेचा भरवसा नसतो, म्हणून दर दहा मिनिटांनी सेव्ह करण्याची सवय लावून घ्यावी.

हाताला न लागणारा भाग म्हणजे सॉफ्टवेअर. त्यातील मुख्य सॉफ्टवेअरला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, लिनक्स आणि मोबाइलमधील अँड्रॉइड ही त्याची उदाहरणे होत.

३. शून्य, एक आणि आपली मराठी

संगणकाच्या आत अक्षरे नसतात. तेथे केवळ दोन अवस्था असतात, शून्य आणि एक. अशा एका खुणेला बिट म्हणतात. आठ बिट मिळून एक बाइट होतो. आठ जागांवर शून्य किंवा एक निरनिराळ्या तऱ्हांनी मांडले तर २५६ वेगळ्या मांडण्या मिळतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून दिलेला असतो. इंग्रजीतील मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५ आहे आणि तो संगणकाच्या आत ०१०००००१ असा लिहिला जातो.

१०२४ बाइट म्हणजे एक केबी, १०२४ केबी म्हणजे एक एमबी आणि १०२४ एमबी म्हणजे एक जीबी. हे कोष्टक पाठ करावे, कारण अर्ज भरताना ते लागते. दाखल्याची प्रत २५६ केबीच्या आत हवी असे समजा सांगितले आणि आपण काढलेला फोटो २ एमबीचा असला, तर तो २०४८ केबी झाला, म्हणजे आठपट मोठा. संगणक तो घेणार नाही. येथे दाखला खोटा ठरलेला नसतो, फक्त फोटो लहान करावा लागतो.

मराठीची गोष्टही समजून घेण्यासारखी आहे. १९९० च्या दशकात मराठी टंकलेखनासाठी निरनिराळे फॉन्ट होते आणि प्रत्येकाचे क्रमांक वेगळे होते. एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसरीकडे उघडले की भलतीच चिन्हे दिसत. पुढे सर्व लिप्यांसाठी युनिकोड ही एकच क्रमांकपद्धती रूढ झाली. तिच्यात 'अ'चा क्रमांक २३०९, तर 'क'चा २३२५ आहे. जगात कोठेही उघडा, 'क' हा 'क'च दिसतो. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'की' लिहिताना 'क' आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हे होतात, म्हणून सहा बाइट लागतात.

४. फाइल, फोल्डर आणि नाव

संगणकात साठवलेल्या प्रत्येक कागदाला फाइल म्हणतात आणि अनेक फाइली ज्या कप्प्यात ठेवतात तो फोल्डर. फाइलला अर्थपूर्ण नाव द्यावे. "उत्पन्न दाखला" असे नाव असले तर दोन वर्षांनीही फाइल सापडेल, नुसते "नवीन १" ठेवले तर सापडणार नाही. नावाच्या शेवटी टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांवरून फाइलचा प्रकार कळतो. पीडीएफ हा बहुधा कागदपत्रांचा, तर जेपीजी हा छायाचित्रांचा प्रकार आहे.

५. डेटाबेस आणि 'वळवी'चा प्रश्न

हजारो माणसांची माहिती रकान्यांमध्ये व्यवस्थित मांडून ठेवली की तिला डेटाबेस म्हणतात. देशातील एका फार मोठ्या डेटाबेसची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. १२ अंकी असा हा क्रमांक असतो. नावे सारखी असू शकतात, पण क्रमांक एकाचा एकच असतो. डेटाबेसला माणूस ओळखण्यासाठी अशा क्रमांकाची गरज असते.

संगणक नाव कसे ताडून पाहतो? एका कागदावर 'वळवी' आणि दुसऱ्यावर 'वलवी' असे लिहिले असेल, तर आपण लगेच ओळखतो की माणूस एकच आहे. संगणक मात्र क्रमांक पाहतो. 'ल'चा क्रमांक २३५४, 'ळ'चा २३५५. क्रमांक वेगळे म्हणून नाव वेगळे. इंग्रजीत 'पावरा' लिहिताना कोणी डब्ल्यू घालतो, कोणी व्ही घालतो. तेथेही हीच अडचण येते. अशा वेळी "कॉम्प्युटर घेत नाही" याचा खरा अर्थ एवढाच की दोन ठिकाणी दोन माणसांनी नाव वेगळे लिहिले. ही चूक दुरुस्त होऊ शकते. कोणत्या कागदावर कोणते अक्षर वेगळे आहे हे विचारावे, लिहून घ्यावे आणि दुरुस्तीचा अर्ज करावा.

६. इंटरनेट, पासवर्ड आणि ओटीपी

जगातील संगणक एकमेकांना जोडून जे जाळे झाले त्याला इंटरनेट म्हणतात. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून ते सामान्य ग्राहकांना मिळू लागले. आपण ज्या सॉफ्टवेअरमधून संकेतस्थळ पाहतो तो ब्राउझर, आणि ते संकेतस्थळ ज्या दूरच्या संगणकावर असते तो सर्व्हर. एकाच वेळी फार लोक आले की सर्व्हर मंद होतो, म्हणून शेवटच्या तारखेची वाट पाहू नये.

पासवर्ड ही आपल्या घराची किल्ली आहे. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी, थोड्या वेळात बाद होणारी किल्ली. ही दोन्ही दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत, मग तो कितीही ओळखीचा असो.

येथे आमच्या वर्गातील एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. एका विद्यार्थिनीने बाहेर पैसे देऊन शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेतला होता. पासवर्ड भरणाऱ्याजवळच राहिला. वर्ष संपत आले तरी पैसे आले नाहीत. शेवटी आम्ही तिच्याबरोबर बसून खाते उघडले. अर्ज पूर्ण भरलेला होता, पण त्यापुढे "मसुदा" असा शब्द होता. भरणाऱ्याने सेव्ह केले होते, सबमिट केलेच नव्हते. सेव्ह म्हणजे स्वतःजवळ ठेवणे, सबमिट म्हणजे कार्यालयाकडे सुपूर्द करणे. पत्र लिहून खिशात ठेवले तर ते पोहोचत नाही, तसेच हे झाले. मुदत संपली होती. ते वर्ष गेले ते गेलेच. दोन शब्दांतील फरक ठाऊक नसल्याची एवढी किंमत त्या घराने मोजली. पुढच्या वर्षी तिने अर्ज स्वतः भरला, सबमिट केला आणि अर्ज क्रमांकाची पावती छापून दप्तरात ठेवली. आता ती इतरांचे अर्ज तपासून देते.

समारोप

पुढे शिकू इच्छिणाऱ्यांनी एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम जरूर करावा. ही संस्था २००१ साली स्थापन झाली असून तिच्या अभ्यासक्रमाचा अनेक नोकऱ्यांसाठी उपयोग होतो. परंतु प्रमाणपत्र मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. या पाठातले शब्द आज घरी आई-वडिलांना समजावून सांगा. यापुढे खिडकीवर "कॉम्प्युटर घेत नाही" असे उत्तर मिळाले आणि आपल्यापैकी एकाने जरी नम्रपणे पण ठामपणे "का घेत नाही, ते दाखवा" असे विचारले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

स्वाध्याय

१) रॅम आणि हार्ड डिस्क यांतील फरक पाटी व वहीच्या उदाहरणाने सांगा.
२) ३ एमबी म्हणजे किती केबी?
३) सेव्ह आणि सबमिट यांतील फरक लिहा.
४) आपल्या घरातील प्रत्येकाचे नाव आधार, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला या तिन्ही कागदांवर अक्षर न् अक्षर सारखे आहे का ते तपासा. फरक आढळल्यास वहीत नोंदवा आणि पुढील वर्गाला ती वही सोबत आणा.